टिटवी फक्त दुपारी बोलते

१

डोळे मिटा, असं मी सांगणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? डोळे उघडे ठेवूनच मनात एक अंगण उभं करा.

हे अंगण रायपूरमधलं, रेल्वे कॉलनीच्या मागच्या पाऱ्यातलं. वस्तीला तिकडे पारा म्हणतात. जानेवारीतला रविवार आहे. सकाळचे साडेसहा. बोलताना तोंडातून वाफ निघते. एका कोपऱ्यात पेरूचं झाड आणि त्याच्यापासून जरा लांब, उघड्या आभाळाखाली, एक आकाशी रंगाची मोटार. तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठी. सेल्फ मारला की ती आधी ‘टिटिव टिटिव’ करते आणि मग सुरू होते, म्हणून घरातले तिला टिटवी म्हणतात. हे नाव धर्मपाल आजोबांनी ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी ते सगळ्यांना टिटवीत बसवून विहारात वंदनेला नेत आणि परतताना सदर बाजारातून गरम जिलबी घेत. गेल्या जुलैत आजोबा गेले.

आता अंगणात माणसं उभी करा. पांढऱ्या साडीत, हातात फुलं आणि मेणबत्त्यांची पिशवी घेतलेली माया आजी. गाडीत चावी फिरवणारा त्यांचा मुलगा यशदीप, शंकर नगरच्या एका ऑफिसात काम करणारा. आणि पायरीवर बसलेली, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली त्याची मुलगी चेतना. वय अकरा. तिची आई रीना, बिलासपूरची, आत डबा भरते आहे.

टिटिव टिटिव टिटिव.

बस. त्यापुढे काही नाही.

“राहू दे यशदीप,” माया आजी म्हणाल्या. “रिक्षा बोलाव.”

“हा चौथा रविवार आहे, आई.” यशदीपने स्टिअरिंगवर हात ठेवले. “अन तू पाहशील, त्याले बोलावलं तर दुपारी येऊन एका सेल्फमंधी चालू करेल. मी मारतो तर होत नाही. त्याच्या हातानं होते. हे काय आहे मंग?”

‘तो’ म्हणजे हिरालाल. बीरगांवात त्याचं छोटं गॅरेज. तीस वर्षं टिटवीला त्याच्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नव्हता. आजोबा गेल्यावर गाडी पावसाळाभर उभी राहिली, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी त्यानेच येऊन तिचे प्लग, तेल, बॅटरी सगळं नीट केलं. दोन आठवडे टिटवी छान चालली. मग थंडी पडली, आणि गाडी सकाळी रुसायला लागली. दर वेळी दुपारी हिरालाल येई, चावी फिरवी, आणि गाडी लगेच सुरू.

मागच्या रविवारी यशदीपने शेजाऱ्यांसमोर त्याला म्हटलं होतं, “कका, गाडी सिर्फ आपके हाथ से चालू होती है. ऐसा क्या करके जाते हो, कि हर हफ्ते बुलाना पड़े?”

हिरालालने हत्यारं गोळा केली. फडक्याने हात पुसले, सायकल घेतली आणि गेला. रीनाने ठेवलेला चहा तसाच राहिला. त्याच संध्याकाळी ही गोष्ट पाराभर झाली आणि दोन दिवसांत बीरगांवात पोचली. मुलांनो, मिस्त्रीकडे हत्यारं असतात, पण लोक त्याच्याकडे येतात ते त्याच्या नावावर. ते नाव आता धोक्यात होतं.

माया आजींनी पिशवी पायरीवर ठेवली. “रिक्षा नको बोलावू. श्यामराव भाऊजीले बोलाव. आज मले समजलंच पाहिजे.”

पायरीवरची चेतना एकदम उठून उभी राहिली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

२

श्यामराव रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होते. धर्मपाल आजोबांचे जुने सोबती. आता घरी असतात आणि पाऱ्यातल्या मुलांना बंद पडलेले टॉर्च, घंट्या, पंखे उघडायला शिकवतात. घाई त्यांना कधीच नसते.

ते आले, सगळ्यांना जय भीम केला, आणि गाडीला हात न लावता तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

“काका, बॉनेट उघडू?” यशदीपने विचारलं.

“थांब ना. पेशंटले आधी पाहावं, मंग हात लावावा. चेतना, इकडे ये बेटा. तुले काय दिसून राहिलं?”

चेतनाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र ती हिंदीत देते. तिकडची बरीच मुलं अशीच आहेत. “गाड़ी दिख रही है, श्याम आजोबा.”

“अरे वा. आणखी?”

“छत पे ओस है.”

“हव. छतावर दव. डिक्कीवर?”

“वहाँ भी है.”

“अन बॉनेटवर?”

चेतना बॉनेटकडे नुसती बघत राहिली. म्हणून तुम्हीच बघा. छतावर दवाचे मोत्यांसारखे थेंब होते आणि त्याखाली आठवड्याची धूळ. बॉनेटवर थेंब नव्हते आणि धूळही नव्हती. फक्त समोरच्या काचेखाली, जिथे हवा आत जायला जाळी असते, तिथून ओल्या रेघा गेल्या होत्या. श्यामरावांनी चष्मा वर करून जाळीत पाहिलं, चिमटीने काहीतरी काढलं आणि खिशात टाकलं. काय ते कोणाला दिसलं नाही.

“आता सेल्फ मार यशदीप. एकदाच.”

टिटिव टिटिव.

“वास येते का पेट्रोलचा?”

“येते. चांगलाच येते.”

“मंग ऐका.” श्यामरावांनी चेतनाच्या हाताची तीन बोटं धरली. “चूल पेटवायले तीन गोष्टी लागतात. लाकूड, हवा, काडी. इंजिनाले बी तीनच लागतात. पेट्रोल, हवा, ठिणगी. पेट्रोलचा वास आला, म्हणजे लाकूड पोचलं.” त्यांनी एक बोट मिटलं. मग एअर फिल्टर काढून उजेडात धरला. तो स्वच्छ होता. दुसरं बोट मिटलं. “उरलं काय?”

“ठिणगी,” चेतना म्हणाली. हा शब्द तिने मराठीत म्हटला.

इंजिनाच्या मागच्या बाजूला, बरोबर त्या जाळीखाली, एक काळं झाकण असतं. त्यातून जाड वायरी निघून प्लगांकडे जातात. ठिणगीची वाटणी तिथे होते, म्हणून त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. श्यामरावांनी त्याच्या दोन्ही पट्ट्या सोडल्या, झाकण उलटं केलं आणि यशदीपच्या नाकासमोर धरलं.

आत पाण्याचे थेंब होते.

“ओल्या काडीनं चूल पेटत नाही,” ते म्हणाले. “करंट या पाण्यातून भलतीकडेच पळून जाते. अन दुपारपर्यंत हे उन्हानं वाळते. मंग हिरालाल काय, तुमचं मांजर येऊन बसलं तरी गाडी चालू होईल.”

त्यांनी कोरड्या फडक्याने झाकण पुसलं, वायरी पुसल्या, सगळं जागच्या जागी लावलं. आत साठलेलं पेट्रोल थोडं उडून जायला पाच मिनिटं दिली. मग माया आजींकडे वळले. “वहिनी, तुम्ही मारा सेल्फ.”

“मी? मी आयुष्यात कधी मारला नाही भाऊजी.”

“म्हणूनच.”

माया आजी बसल्या. साडी सावरली. चावी फिरवली.

टिटिव टिटिव, आणि टिटवी सुरू झाली. आजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, जसं काही तव्याला लागले, आणि मग हळूच परत ठेवले. आजोबा तिथेच हात ठेवत.

यशदीपचा चेहरा उजळला नव्हता. “पाणी आलं कुठून पण? पाऊस तर नाही. झाकण हिरालालनंच मुद्दाम ढिल्लं ठेवलं असेल तर?”

श्यामरावांनी इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकला. “झाकण घट्ट होतं, मीच काढलं. पण तुझा सवाल बरोबर आहे. पाणी आपल्या पायानं आलं नाही. कोणीतरी आणलं. अन ते कोणी या अंगणातलंच आहे.”

३

अंगणात त्या वेळी आणखी एक माणूस होता. वरच्या खोलीतला भाडेकरू सुशील. त्याच्या हातात पाण्याचा पाइप होता.

सगळ्यांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

“मैंने क्या किया?” सुशीलने पाइप खाली टाकला. “मी तर फक्त झाडाईले पाणी देतो. रोज संध्याकाळी देतो, रविवारी सकाळी बी देतो.”

“अन गाडी काढून टाका, माझी मोटरसायकल उन्हात राहते, हे कोण म्हणत होतं?” यशदीपने विचारलं.

“म्हणलं होतं. तोंडानं म्हणलं होतं. पाइपानं नाही.”

माया आजींना हसू आलं, पण यशदीपला नाही. विहारातून परत आल्यावर श्यामराव एकेकाशी बोलत बसले. आधी सुशील. त्याने शपथेवर सांगितलं की टिटवीच्या दिशेला तो पाइप नेतच नाही, कारण पाइप तितका लांबच नाही. श्यामरावांनी पाइप ओढून पाहिला. पेरूच्या झाडापाशी तो संपत होता.

मग यशदीप. “तुले ही गाडी ठेवायची आहे का?”

यशदीपने गाडीकडे पाहिलं. “खरं सांगू काका? बाबा असताना वाटे, कधी जाईल हा डब्बा. आता सकाळी हिचा आवाज नाही आला, तर रविवार वाटत नाही. म्हणूनच तर राग आला मले.”

“या महिनाभरात सकाळी एकदाही चालू नाही झाली?”

“नाही. म्हणजे एकदा झाली. पंचवीस डिसेंबरले. रीना अन चेतना चार दिवस बिलासपूरले गेल्या होत्या. त्यांले आणायले सकाळी सहाले स्टेशनवर गेलो. थंडी मरणाची होती, पण पहिल्याच सेल्फमंधी चालू झाली.”

“त्याच्या आदल्या दिवशी हिरालाल आला होता?”

“नाही.”

“सुशीलनं झाडाईले पाणी दिलं होतं?”

“तो तर रोज देते.”

श्यामराव उठून जिन्याकडे वळले. तुम्ही मात्र इथे क्षणभर थांबा. त्या सकाळी अंगणात कोण कोण होतं, आणि कोण नव्हतं? उत्तर मिळालं असेल तर कोणाला सांगू नका. श्यामरावांनीही सांगितलं नाही.

शेवटी माया आजी. त्या गच्चीवर कपडे गोळा करत होत्या. “तुम्हाले वाटत असेल भाऊजी, की यांच्याशिवाय गाडीत बसायचं नाही म्हणून मीच काही केलं.”

“वाटलं नाही. पण विचारायचं होतं.”

“सुरुवातीले नव्हतं बसायचं. मंग एक दिवस ही पोट्टी म्हणाली, आजी, गाड़ी को भी तो बुरा लगता होगा.” आजींनी दोरीवरून एक टॉवेल काढला. “आता या घरात गाडीची काळजी करणारी ती एकच आहे. बाकी सारे तिच्यावर ओरडून राहिले.”

श्यामरावांनी गच्चीच्या कठड्यावर हात फिरवला. कठडा एका जागी लांबच लांब ओला होता. काहीतरी मोठं, जाड तिथे वाळत घातलं होतं आणि नुकतंच उचललं होतं.

“वहिनी, धर्मपालची ती लाल रजई कुठे आहे? ड्यूटीवर न्यायचा ती?”

“पेटीत आहे. ते गेल्यावर मी ठेवून देली. अजून उघडून पाह्याची हिंमत नाही होत.”

श्यामरावांनी खिशातून चिमटीत धरून ती बारीक गोष्ट काढली आणि तळहातावर ठेवली. तो लाल सुताचा एक धागा होता.

“पेटी उघडून पाहू नका,” ते म्हणाले. “आज नको.”

४

सोमवारी श्यामराव बीरगांवला गेले. हिरालालच्या गॅरेजात एरवी उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी एकच गाडी होती, तीही त्याच्या स्वतःच्या भाच्याची.

हिरालालने स्टूल पुसून दिलं. “बइठ भैया.”

“काम कमी दिसते.”

“लोगन कहिथें, हिरालाल हाथ मा जादू रखथे.” लोक म्हणतात हिरालाल हातात जादू ठेवतो, असं सांगून तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “साहब ने तीस साल में एक बार नहीं पूछा कि कितना तेल डाला. अब उनका लड़का पूछता है, क्या करके जाते हो. गलती उसकी भी नहीं है. मुझे खुद नहीं पता कि सुबह वो चालू क्यों नहीं होती. मैं तो हमेशा दोपहर को ही पहुँचता हूँ.”

श्यामरावांनी त्याला पाण्याची गोष्ट सांगितली. हिरालाल लक्ष देऊन ऐकत राहिला आणि मग कपाळावर हात मारला. “ढक्कन खोल के देखना था. दोपहर को चालू हो जाती थी, तो मैंने खोला ही नहीं. हव, ये मेरी गलती है.”

“पाणी कोणी आणलं, तुले काय वाटते?”

“जिसने भी लाया, दुश्मनी से नहीं लाया. दुश्मन रोज थोड़े न आता है भैया. रोज तो वही आता है जिसको चिंता हो.”

श्यामराव त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस माणसंही ऐकायला शिकतो.

निघताना त्यांनी विचारलं, “धर्मपाल गाडीची एक वही ठेवत असे. कुठे गेली?”

“डैशबोर्ड के खाने में थी. नवंबर में सफाई की, तब मिली. मैंने चेतना को दे दी. बोला, रख बेटी, तोर बबा के, दादाजी के, निशानी आय.”

५

वही चेतनाच्या दप्तरात होती, शाळेच्या पुस्तकांच्या मधोमध. श्यामरावांनी मागितली तेव्हा तिने ती लगेच दिली नाही.

“वापस करोगे ना?”

“आत्ताच्या आत्ता. इथेच बसून पाहतो.”

ते दोघं टिटवीत बसले होते. शाळेतून येऊन ती अजून गणवेशातच होती. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

आता या वहीबद्दल एक गोष्ट सांगतो. धर्मपाल आजोबा बोलायचे वऱ्हाडी. पोट्टे, इकडे ये. दार वढून घे. पण लिहायला बसले की त्यांच्या लहानपणचे मास्तर जणू मागे येऊन उभे राहत. लिहायचे ते पुस्तकातल्यासारखं, शुद्ध, सुवाच्य. पानांवर कधी कुठे तेल बदललं, नागपूरला जाताना कोणत्या ढाब्यावर पाणी भरलं, चेतना पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली तो दिवस, असं सगळं होतं. श्यामरावांनी काही पानं जरा जास्तच वेळ वाचली. मित्राचं अक्षर म्हणजे मित्राचा आवाजच असतो.

मग ते पान आलं. वर लिहिलं होतं, ‘हिवाळा’. खाली तीन ओळी.

‘थंडीत आधी ओढा. पूर्ण ओढा, अर्धवट नको. गाडी गरम झाली की हळूहळू आत.’

श्यामरावांनी पान डोळ्यांजवळ नेलं. ‘ओढा’ या शब्दात ‘ढ’च्या खाली एक टिंब होतं. दोन्ही ठिकाणी. शाई निळी होती, टिंबं शिसपेन्सिलीची.

मराठीत ‘ढ’खाली टिंब देत नाहीत. तुमच्या पुस्तकात शोधा, कुठेही सापडणार नाही. हिंदीत मात्र ‘पढ़ना’, ‘चढ़ना’, ‘ओढ़ना’ असं टिंब देऊनच लिहितात. म्हणजे धर्मपालने ते दिलं नव्हतं. हे पान नंतर कोणीतरी वाचलं होतं, ते हिंदी समजून वाचलं होतं, आणि त्यातलं ‘शुद्धलेखन’ प्रेमाने दुरुस्त केलं होतं.

“चेतना, तुमच्या हिंदीच्या मॅडम टिंब विसरलं तर काय करतात?”

“लाल गोला बना देते हैं.” मग तिने पानाकडे पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले. “आजोबा भूल गए थे. मैंने लगा दिया.”

“चांगलं केलं. आता मले वाचून सांग, इथे काय लिहिलं आहे.”

चेतनाने बोट ठेवून वाचलं. “ठंडी में पहले ओढ़ा. मतलब ओढ़ाओ. पूरा ओढ़ाओ, आधा नहीं. गाड़ी गरम हो गई तो धीरे-धीरे अंदर. मतलब रजाई अंदर रख दो.”

तिने ‘रजाई’ म्हटलं, आणि वहीत रजईचा शब्दही नव्हता. ते तिच्याही लक्षात आलं. तिने वही मिटली.

श्यामराव रागावले नाहीत. त्यांनी समोर बोट केलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक काळी गोल मूठ होती.

“हा चोक. इंजिन थंड असलं की हवा थोडी कमी अन पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागते, त्याच्यासाठी. याले धर. आता वढ.”

चेतनाने मूठ धरून वढली. ती टक्क करून बाहेर आली.

“काय केलं तू?”

“खींचा.”

“हव. आपण घरी म्हणतो वढ. पुस्तकात लिहितात ओढ. ओढा म्हणजे खींचो, हिंदीतल्यासारखं पांघरणं नाही. पूर्ण ओढा म्हणजे पूरा खींचो. गाडी गरम झाली की हळूहळू आत म्हणजे...”

तिने हातातली मूठ हळूहळू आत ढकलली. सगळं समजल्यावर माणसाचे हात जसे सावकाश होतात, तसे तिचे झाले होते.

बऱ्याच वेळाने ती बोलू लागली. थंडी सुरू झाली तेव्हा तिने वही वाचली. पेटीतून आजोबांची रजई काढली. रोज फाटक लावायला अंगणात जाई, तेव्हा ती बॉनेटवर पांघरी, आणि घसरू नये म्हणून तिचं टोक काचेखालच्या जाळीत खोचून ठेवी. पहाटे दुधाची पिशवी घ्यायला उठली की रजई गच्चीवर नेऊन वाळत घाली. आजीला रजई दिसली असती तर ती रडली असती, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

घरी एक प्रयोग करून बघा. पेल्यात पाणी भरा, सुती कापडाची पट्टी घ्या, एक टोक पाण्यात आणि दुसरं पेल्याबाहेर खाली सोडा. थोड्या वेळाने बाहेरच्या टोकातून पाणी ठिबकू लागेल. ती कापसाची रजई तेच करत होती. पहाटेपर्यंत पडणारं दव ती पिऊन घेई, आणि जाळीत खोचलेल्या टोकातून थेंब थेंब खाली, बरोबर त्या काळ्या झाकणावर सोडी. झाकण घट्ट असलं तरी जुन्या झाकणाला बारीक फट असतेच. थंडी जितकी जास्त, तितकी चेतना रजई नीट खोची. आणि तितकीच गाडी जास्त रुसे.

“बिलासपुर गई थी तब...” ती म्हणाली.

“तेव्हा गाडी उघडी होती. थंडीत कुडकुडली, पण कोरडी राहिली.”

“मैंने ही ख़राब की.” तिला रडू फुटलं. “आजोबा ने लिखा था, इसलिए किया. और कका को चोर बोल दिया सबने.”

श्यामरावांनी तिला रडू दिलं. मग खिशातला रुमाल दिला. “ओढ या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे. जे तुले रोज थंडीत रजई घेऊन अंगणात नेत होतं ना, त्यालेही ओढच म्हणतात. ती चूक नव्हती. चूक फक्त एका टिंबाएवढी होती.”

“आप पापा को बता दोगे?”

“नाही. पाणी कुठून आलं ते शोधून काढायचं काम माझं होतं, ते झालं. सांगायचं काम ज्याचं त्यानं करावं. पण एक गोष्ट ऐकून ठेव. आज हिरालालच्या गॅरेजात एकच गाडी होती.”

ते दार उघडून उतरले आणि आपल्या घरी गेले. मागे वळून पाहिलं नाही.

६

चेतना किती वेळ गाडीत बसून राहिली, ते कोणी मोजलं नाही. यशदीप ऑफिसातून आला तेव्हा ती तिथेच होती. त्याच्यासाठी तिने बाजूचं दार आतून उघडलं.

ती सांगत होती आणि तो ऐकत होता. मध्ये एकदाच त्याने विचारलं, “वही कुठे आहे?” त्या तीन ओळी त्याने वाचल्या, दोनदा वाचल्या, आणि मग कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. “तुले कधी मराठी वाचायले शिकवलंच नाही आम्ही,” तो म्हणाला. “वाटे, बोलते ना, बस झालं.” मग ताठ बसला. “उद्या सकाळी मी जातो बीरगांवले. सारं सांगतो. माफी मागतो. तू शाळेत जा.”

“नाही,” चेतना म्हणाली. “मी पण येते.”

हेही मराठीत. यशदीपने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मंगळवारी सकाळी टिटवीचं छत दवाने ओलं होतं आणि बॉनेटही ओलं होतं, थेंबांनी, जसं असायला हवं तसं. चेतनाने चोक वढला, पूर्ण वढला. यशदीपने सेल्फ मारला. माया आजी मागच्या सीटवर होत्या. त्यांना आदल्या रात्री सगळं कळलं होतं. त्या पेटी उघडून थोडा वेळ तशाच बसल्या होत्या, आणि मग न सांगताच गाडीत येऊन बसल्या.

कारखान्यांकडे निघालेल्या सायकलींच्या गर्दीतून टिटवी बीरगांवला पोचली. हिरालालचं गॅरेज उघडलं होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर सहा-सात माणसं होती. हीच ती माणसं, ज्यांच्या तोंडून गोष्ट इथवर आली होती. टिटवी थांबताच सगळी बोलायची थांबली.

भाच्याच्या गाडीखालून फक्त हिरालालचे पाय दिसत होते.

यशदीप उतरला. दोन पावलं पुढे गेला आणि उभा राहिला. शब्द जुळवत होता. तेवढ्यात मागून चेतनाने त्याची बाही धरली.

“पहले मैं, पापा.”

ती आधी टपरीसमोर गेली आणि त्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हमारी गाड़ी हीरा कका ने नहीं बिगाड़ी थी. मैंने बिगाड़ी थी.”

कोणीतरी ग्लास खाली ठेवला. गाडीखालचे पाय हलायचे थांबले.

मग ती गॅरेजात आली. हिरालाल बाहेर यायची तिने वाट पाहिली नाही. इस्त्री केलेल्या गणवेशासकट ती तेलकट जमिनीवर आडवी झाली, सरकत सरकत गाडीखाली गेली, आणि त्याच्या शेजारी पडून, त्याच्या तोंडाकडे बघत, पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.